ब्रिटनमध्ये दिवाळखोर जाहीर झाल्यावर साधं बँक खातं उघडता येतं का?

हो, येतं. त्यासाठी दिवाळखोरीतून मोकळं होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तुम्ही लिहिलंय की दिवाळखोरीचा आदेश झाला, जुनं खातं गोठवलं, महिनाअखेरीला पगार येणार आहे आणि तो जमा व्हायला खातंच नाही. त्यात एका बँकेने "अर्ज मंजूर होऊ शकत नाही" एवढंच सांगून परत पाठवलं. मी इंग्लंडमध्ये एका मोफत कर्ज-सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करतो. अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी एवढंच विचारतो, की अर्ज नेमका कुठल्या खात्यासाठी केला होता? बहुतेक वेळा उत्तर येतं, करंट अकाउंट. गाडं तिथेच अडलेलं असतं.

नेहमीच्या करंट अकाउंटला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावरही पैसे काढायची उधारीची सोय, जोडता येतो, म्हणून बँक तुमचा क्रेडिट रेकॉर्ड बघते, दिवाळखोरीची नोंद दिसते आणि अर्ज फेटाळला जातो. तुम्ही ज्याला साधं खातं म्हणता ते म्हणजे बेसिक अकाउंट, आणि त्यात बँक तुम्हाला एक पैसाही उधार देत नाही. डेबिट कार्ड मिळतं, पगार जमा होतो, डायरेक्ट डेबिट आणि स्टँडिंग ऑर्डर (खात्यातून आपोआप जाणारी बिलं आणि ठरलेल्या रकमा) लावता येतात. खात्यात पैसे नसल्यामुळे एखादं डायरेक्ट डेबिट परत गेलं, तर बँक त्याचा दंडही घेत नाही. महिन्याचं बजेट तोलून-मापून चालवणाऱ्या माणसाला हा केवढा दिलासा असतो, ते मी रोज बघतो.

मागे एका ताईंसोबत मी शाखेत गेलो होतो. त्यांनी "बेसिक अकाउंट" असं स्पष्ट सांगितलं, तरी काउंटरवरच्या मुलाने सवयीने नेहमीचाच अर्ज उघडला. नाव, पत्ता, पगार भरून झाला आणि पडद्यावर प्रश्न आला, ओव्हरड्राफ्ट किती हवा? ताई "शून्य" म्हणणार होत्या. मी त्याला तिथेच थांबवलं. ज्या खात्याला ओव्हरड्राफ्टच नसतो, त्याच्या अर्जात हा प्रश्न कशाला येईल? मुलगा भला होता, आत जाऊन विचारून आला आणि दुसरा अर्ज काढला. तो पहिला अर्ज पुढे गेला असता, तर नकार ठरलेलाच होता. म्हणून खात्याचं नेमकं नाव घेऊन मागा. नेशनवाइडमध्ये त्याला फ्लेक्सबेसिक म्हणतात, नॅटवेस्टमध्ये फाउंडेशन अकाउंट, को-ऑपरेटिव्ह बँकेत कॅशमाइंडर. जाहिरातींत ही नावं फारशी दिसत नाहीत, त्यामुळे विचारल्याशिवाय कोणी सांगेल या भरवशावर राहू नका.

पूर्वी परिस्थिती खरंच वाईट होती. दिवाळखोर माणसाच्या खात्यात नंतर आलेल्या पैशांवर ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन देणेकऱ्यांना वाटणारा माणूस) हक्क सांगेल आणि ते बँकेकडून वसूल करेल, अशी बँकांना धास्ती असायची. 2012 मध्ये को-ऑपरेटिव्ह बँकेने अशा लोकांना नवी खाती देणं थांबवलं आणि मोठ्या बँकांपैकी जवळपास एकट्या बार्कलेजचं दार उघडं राहिलं. 2015 मध्ये कायदा बदलून बँकांची ती भीती दूर केली गेली. त्याच वर्षीच्या पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्सनुसार मोठ्या बँकांवर बेसिक खातं देण्याची जबाबदारी आली. बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स, सँटँडर, टीएसबी आणि वर सांगितलेल्या तिन्ही त्यात येतात. तेव्हा जुने अनुभव वाचून घाबरू नका.

मात्र ज्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड तुमच्या दिवाळखोरीत आहे, तिच्याकडे जाऊ नका. दुसरी निवडा. पासपोर्ट किंवा ई-व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा लागेल. काउन्सिल टॅक्सचं बिल किंवा भाडेकरार बहुधा चालतो. दिवाळखोरीबद्दल विचारलं तर खरं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती नोंद तशीही सार्वजनिक रजिस्टरवर असते.

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून बँकेने 10 कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नकार आला तर तो लेखी मागा, कारणासकट. फसवणुकीचा किंवा मनी लाँडरिंगचा संशय, कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन, किंवा ब्रिटनमध्ये दुसरं वापरता येण्याजोगं खातं असणं, ही कारणं होऊ शकतात. नुसती दिवाळखोरी हे कारण नव्हे. तसं कारण दिलं असेल तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. 8 आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

पगाराचं काय, हा तुमचा खरा घोर. नवं खातं उघडलं की त्याच दिवशी ऑफिसच्या पेरोलला कळवा, कारण जुन्या खात्यात गेलेला पगार अडकून बसू शकतो. अडकलाच तर ऑफिशियल रिसीव्हरच्या, म्हणजे तुमची दिवाळखोरी हाताळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीत फोन करा. घरखर्चापुरते पैसे सोडवून घेता येतात. खातं नवरा-बायकोच्या जोडनावावर असेल तर तेही गोठतं, तेव्हा घरात आधीच बोलून ठेवा. आणि 500 पौंड किंवा त्याहून जास्त उधार घेताना आपण दिवाळखोर आहोत हे न सांगणं हा गुन्हा आहे. बेसिक खात्यात उधारीचा प्रश्न येत नाही, पण हप्त्यावर फोन किंवा फर्निचर घेताना हे विसरायला होतं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या लोकांना सांगावंच लागतं ते. भारतातली खाती, गावाकडचा जमिनीतला वाटा, एनआरआय ठेवी, हे सगळं रिसीव्हरला सांगावं लागतं. कायद्याच्या नजरेत तुमची मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती तुमचीच. आदेशाच्या आधी भावाला किंवा आई-वडिलांना मोठी रक्कम पाठवली असेल, तर तेही स्वतःहून सांगा. घरच्यांना दिलेले पैसे मागची काही वर्षं धुंडाळून तपासले जाऊ शकतात. लपवलेलं सापडलं तर बारा महिन्यांत मिळणारी सुटका लांबू शकते.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये दिवाळखोरीची पद्धत वेगळी आहे. खात्याव्यतिरिक्त काही अडलं तर नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, तिन्हींकडे सल्ला फुकट मिळतो. पैसे घेऊन "खातं उघडून देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी अजिबात लागू नका.