दुसरीचा वर्ग हाती घेताना

प्रिय लेकी,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. जूनपासून दुसरीचा वर्ग तुझ्याकडे येणार हे वाचून फार आनंद झाला. वर्ग गप्प कसा बसवायचा, हा तुझा एकच प्रश्न. आपल्या सोलापुरातल्या लहानशा ख्रिस्ती शाळेतली दुसरी गप्प बसवायची असेल, तर आधी तिचं ऐकून घ्यावं लागतं. ते जमलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

मुलं येणार कुठून ते बघ. पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. ख्रिस्ती घरातली मुलं त्यात थोडीच असतील. पहिलीत ही मुलं मराठी समजू लागलेली असतात, पण भांडण झालं, लागलं, रडू आलं की आपल्या भाषेत बोलतात. त्या वेळी 'मराठीत बोल' असं म्हणू नकोस. शेजारच्या मुलाला विचार, तो सांगेल काय म्हणतोय ते. आणि मैदानावर 'काय करायलास बे' ऐकू आलं तर तेही ऐकून सोडून दे. पुस्तकातली मराठी आपण हळूहळू वर्गात आणायची. घरची बोली काढून घेऊन तिथं दुसरी बसवता येत नाही.

याचा सगळ्यात मोठा उपयोग तुला गणितात होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'पंचवीस' सांगितल्यावर काही मुलं ५२ लिहितील. तू म्हणशील लक्ष नाही. लक्ष असतं गं. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. ऐकलं त्या क्रमानं मुलानं लिहिलं, एवढंच. तेलुगूत 'इरवै ऐदु' म्हणजे आधी वीस, मग पाच. कन्नडमध्येही 'इप्पत्तैदु', तोच क्रम. घरी एक रीत, शाळेत उलटी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस आले की मूल पार गोंधळतं, कारण नाव तिसाचं आणि लिहायचे दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझं मत विचारशील तर आपल्या शहरातल्या मुलांसाठी ती रीत चांगली आहे. आधी 'वीस पाच' म्हणू दे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात दे, दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर मांडून घे, आणि मग 'पंचवीस' म्हणायला लाव. हातानं मांडलेली संख्या मूल उलटी लिहीत नाही. नुसते पाढे घोकून घेतलेस तर वर्ग शांत दिसेल, पण ५२ तसाच राहील.

'हजार' मात्र यातल्या काही मुलांना तुझ्याआधी कळलेला असतो. ज्या घरात आई विड्या वळते, तिथं मजुरी हजारावर मोजतात. म्हणून घरचा अभ्यास देताना विचार कर. सकाळी पहिल्या तासाला पेंगणारं मूल रात्री आईजवळ बसून विड्यांची तोंडं मुडपत होतं की शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत जागं होतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत होईल एवढाच अभ्यास दे. वहीभर शुद्धलेखन घरून आणायला सांगणं मला कधीच पटलं नाही. दुसरीतलं अक्षर वर्गात, तुझ्या डोळ्यांसमोर वळायला हवं.

उशिराचंही तसंच. आपल्या गावात नळाला रोज पाणी नसतं. ज्या भागात ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी तिकडची मुलं उशिरा येणार, घागरी भरून येणार. पाण्याचे दिवस तुझ्या डायरीत लिहून ठेव. अशा मुलाला दारात उभं करू नकोस. आत घे, बसू दे, चाललेला धडा पुन्हा एकदा सांग.

आता प्रार्थनेबद्दल. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष हे सगळं होतंच. वर्गात आल्यावर आपली एक छोटी प्रार्थना असते. ती छोटीच ठेव. शेवटी मुलांना विचार, आज कुणासाठी प्रार्थना करायची? सुरुवातीला सगळे 'आईसाठी' म्हणतील. मग एखादी सांगेल, आईचे हात दुखतात. एखादा सांगेल, पप्पा कामावर जात नाहीत. वर्षभर मुलांच्या घरचं जेवढं तुला या दोन मिनिटांत कळेल, तेवढं कुठल्या पालकसभेत कळणार नाही. जे ऐकशील ते शिक्षकखोलीत बोलायचं नाही. मुलानं देवापुढं सांगितलेलं आहे ते.

ज्या घरांना हे नको असेल, त्यांच्या मुलांना शांत बसू दे, चित्र काढू दे. संविधानाचं कलम २८(३) स्पष्ट आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. हे कलम नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. आणि एक गोष्ट कधीही करू नकोस. 'येशूला असं आवडत नाही' म्हणून मुलाला घाबरवू नकोस. छडी बंद झाली ती चांगलीच गोष्ट झाली. तिच्या जागी प्रभूचं नाव आणणं हे मी फार मोठं पाप मानते. ज्यानं लेकरांना जवळ येऊ द्या म्हटलं, त्याच्या नावानं लेकरं दूर पळायला नकोत.

डिसेंबर सगळा नाताळात जातो. गव्हाणी, तारा, कॅरल, मेंढपाळांचे कपडे. नाटुकल्यात जो बोलत नाही त्याला काम दे, एका वाक्याचं का होईना. पण नाताळ संपला की थकून जानेवारी सोडून देऊ नकोस. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आपली जत्रा भरते, मुलांच्या डोक्यात दुसरं काहीच नसतं. त्यांना गड्ड्यावर पाच ओळी लिहायला सांग. आकाशपाळणा, नंदीध्वज, काय खाल्लं, कोण हरवलं. वर्षभर एक वाक्य न लिहिणारी मुलं त्या दिवशी पान भरतात. ख्रिस्ती शाळेत गड्डा कशाला, असं कुणी म्हटलं तर सांग, मुलं गड्ड्यावरूनच शाळेत आली आहेत. त्याच दिवसांत १२ जानेवारी येते. १९३१ साली त्या दिवशी इंग्रजांनी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यवीरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. चारही नावं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि मुलांना वाचू दे. तुझ्या वर्गाच्या हजेरीपटावरची नावंही अशीच वेगवेगळ्या घरांतली आहेत. मुलांच्या ते आपणहून लक्षात येतं.

मार्चपासून सकाळची शाळा. उन्हानं वर्ग तापायच्या आत भाषा आणि गणित उरकून घे, शेवटचा तास गाण्याला, गोष्टीला ठेव. ज्याच्याकडं पाण्याची बाटली नाही त्याच्याकडं लक्ष असू दे.

स्वतःबद्दलही थोडं. पगार कमी आहे, मला माहीत आहे. रविवारची शाळाही तूच घे असं मंडळीतून कुणीतरी म्हणेलच. पहिलं वर्ष तरी नाही म्हण, पाळकांना मी सांगेन. आठवडाभर मुलांत असणाऱ्या माणसाला रविवारी मागच्या बाकावर बसून उपासना ऐकता आली पाहिजे.

वर्णनात्मक नोंदींची भीती वाटते असं लिहिलं आहेस. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक पान कर आणि आठवड्यातून एकदा त्यावर जे खरंच पाहिलंस ते एका ओळीत लिही: 'हातचा समजला', 'मोठ्यानं वाचताना अडखळते, मनात नीट वाचते'. पहिल्या सत्राच्या शेवटी ती वही घेऊन दिवाळीच्या सुट्टीत इकडं ये. दोघी बसून नोंदी पूर्ण करू. येताना शेंगाची चटणी आणू नकोस, घरात भरपूर आहे.

तुझी,
बाई