शांघाय की शीआन? आधी आरडीला विचारू

प्रश्न: मी 54 वर्षांचा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. पत्नी शाळेत इतिहास शिकवते. भाऊबीज झाली की आठ दिवस चीनला जायचं ठरतंय. मला शांघाय बघायचंय, तिला शीआन. टूरवाल्याचं शांघायचं पॅकेज माणशी 1 लाख 45 हजार, वर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर. बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय' देतो म्हणतो. शीआनला स्वतःच जावं लागेल. 4 सप्टेंबरला अडीच लाखांची आरडी मॅच्युअर होते. चार लाखांची एफडी आहे, ती अडीअडचणीसाठी. आई 79 वर्षांच्या, आमच्याकडेच असतात, त्यांना आरोग्य विमा नाही. कुठलं शहर परवडेल? एफडी थोडी मोडावी की ईएमआय घ्यावा?

उत्तर: तुम्ही धरून चाललाय की शांघाय महाग आणि शीआन स्वस्त. ते खरंही आहे, पण तिथे पोचल्यावर. मी दोघांचा, सात रात्रींचा, स्वतः आखलेल्या सहलीचा हिशोब मांडला. युआन 13 रुपयांना धरला. हॉटेल आणि जेवणाचे आकडे हा माझा अंदाज आहे, पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील.

मुंबई-शांघाय-मुंबई, मध्ये एक थांबा, दोघांचे 90 हजार. व्हिसा, प्रवास विमा, रोमिंग मिळून 15 हजार. शांघायला बरं हॉटेल 600 युआन रात्रीला आणि खाणं, मेट्रो, तिकिटं दोघांची रोजची 500 युआन. म्हणजे सात दिवसांचे एक लाख. एकूण 2 लाख 5 हजार.

शीआनला तसलंच हॉटेल 350 मध्ये बसतं, रोजचा खर्च 400. एक दिवस गाडी-गाइड घ्या, त्याचे 800 युआन. हे सगळं मिळून 79 हजारांच्या आत. पण विमानाचा आणखी एक टप्पा वाढतो, त्याचे दोघांचे वीसेक हजार. एकूण 2 लाख 4 हजार. स्वस्त शहरानं वाचवलेलं सगळं तिकिटानं खाल्लं. तेव्हा 'परवडेल कुठलं' हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. दोन्ही तेवढ्यालाच पडतात, आणि दोन्ही आरडीत बसतात. बसत नाही ते पॅकेज.

पॅकेजचे दोघांचे 2 लाख 90 हजार, वर 5 टक्के जीएसटी म्हणजे साडेचौदा हजार, म्हणजे तीन लाखांच्या पुढे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतः जाताना युआन घ्याल किंवा कार्डात पैसे भराल, तर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही.

'नो कॉस्ट' ईएमआयमध्ये व्याज असतंच, ते सवलत म्हणून किमतीतून वजा दाखवतात. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मात्र तुम्हीच भरता. टूरवाल्याला एकच विचारा: रोख भरले तर किती कमी करता? जो आकडा सांगेल ती त्या 'नो कॉस्ट'ची कॉस्ट.

तरी एवढ्यासाठी मी पॅकेजला नाही म्हणणार नाही. काही लोकांना ते घ्यावंच. ज्यांना सकाळ-संध्याकाळ वरण-भात लागतो, भाषेची धास्ती वाटते, त्यांनी लाखभर जास्त देऊन निवांत जावं. तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. आईंचं वय 79 आणि विमा नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांना ॲडमिट करावं लागलं, तर सहल रद्द. तुम्ही पाठवलेल्या पत्रकातलं बारीक अक्षर मी वाचलं: निघण्याआधी पंधरा दिवसांत रद्द केल्यास शंभर टक्के कापणार. म्हणजे हॉस्पिटलचं बिल येणार त्याच आठवड्यात तीन लाख बुडणार, आणि ईएमआय वर्षभर चालू राहणार.

स्वतः आखलेल्या सहलीत हा धोका बराच कमी करता येतो. हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या. चिनी रेल्वेची तिकिटं साधारण पंधरा दिवस आधीच खुली होतात आणि सुटण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत परत केली तर काही कापत नाहीत. अगदी शेवटच्या दिवशीही वीस टक्केच. अडकतं ते विमानाचं तिकीट, म्हणून तिथे दोन-चार हजार जास्त देऊन तारीख बदलता येईल असंच घ्या. प्रवास विम्यात सहल रद्द होण्याचं कलम असलं, तरी घरच्या माणसाचे आधीपासूनचे आजार बहुतेकदा वगळलेले असतात. त्यावर विसंबू नका.

एफडीला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या घरी ती एफडी हाच आईंचा विमा आहे.

आता शहरं. दोन्ही करा. आकडा बघा: शांघायला जाताना एक रात्र आणि येताना एक, मध्ये शीआनला पाच. शांघाय-शीआन बुलेट ट्रेन सहा-साडेसहा तासांची, दुसऱ्या वर्गाचं तिकीट साधारण 670 युआन. दोघांचं जाऊन-येऊन 35 हजार. सगळं मिळून 2 लाख 28 हजार होतात. एकाच शहरापेक्षा तेवीस हजार जास्त, पण आरडीत बसून वर बावीस हजार उरतात.

शांघायला दोनच रात्री का? कारण तिथलं जे बघण्यासारखं आहे ते बाहेरून बघायचं आहे, आणि बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. वायतानवर, म्हणजे ज्याला बंड म्हणतात त्या नदीकाठी, संध्याकाळी उभं राहायचं. समोर 632 मीटरचा शांघाय टॉवर, पाठीमागे जुन्या पेढ्यांच्या दगडी इमारती. त्यातली हिरव्या टोकदार छपराची 1929 सालची इमारत व्हिक्टर ससूनची. ज्या डेव्हिड ससूनच्या देणगीनं पुण्याचं ससून हॉस्पिटल उभं राहिलं, त्याचा हा पणतू. मुंबईच्या अफू-कापसाच्या व्यापारातला पैसा कुठवर गेला, ते तिथे दिसतं. नदी ओलांडायला फेरीबोट आहे, 2 युआन. सव्वीस रुपये. आणि तुमचा मॅग्लेव्हचा, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणाऱ्या ट्रेनचा, हट्ट विमानतळावरून शहरात येतानाच पुरा होईल: 30 किलोमीटर, आठेक मिनिटं, 50 युआन. पत्रकातलं डिस्नेलँड तुमच्या वयाला कशाला हवं, हे मला कळलेलं नाही. आणि 'सिल्क फॅक्टरी, जेड सेंटर, टी हाउस' ही दुकानं आहेत.

पाच रात्री शीआनला, कारण तिथे वेळ लागतो. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेलं मातीचं सैन्य शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तिकीट 120 युआन, पासपोर्ट क्रमांकावर आधी काढावं लागतं. पूर्ण दिवस ठेवा, त्या 800 युआनचा गाइड इथेच वापरा. दुसऱ्या दिवशी शहराचा तट, जवळजवळ चौदा किलोमीटरचा घेर, वर सायकल भाड्यानं मिळते. तिसरा दिवस वहिनींचा. मोठा हंस पॅगोडा 652 साली बांधला तो ह्युएन त्संगानं भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला. हा माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला आणि महाराष्ट्रातले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं लिहून गेला. इतिहासाच्या बाईंना त्या पायऱ्यांवरून अर्ध्या तासात उठवू नका.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर 'वो छ् सू' एवढं पाठ करा आणि फोनवर चिनी लिपीत लिहून ठेवा. शीआनचं लियांगपी, म्हणजे थंड नूडल्स, चालतील, पण मांस नको हे आधी सांगा. हॉटेलच्या खोलीत किटली असते, ट्रेनमध्ये उकळतं पाणी मिळतं. मेतकूट आणि झटपट पोहे न्या. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथली थंडी पुण्याच्या स्वेटरवर भागणारी नाही.

पैसे देण्याची सोय इथूनच करून जा. यूपीआय तिथे धरून चालू नका. अलीपे या चिनी पेमेंट ॲपमध्ये पासपोर्टची नोंद करून दोन वेगवेगळ्या बँकांची व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. 200 युआनच्या आतल्या खर्चावर अलीपे शुल्क घेत नाही, वर गेलात की 3 टक्के. तुमची बँक परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे चलन बदलून द्यायचं शुल्क, वेगळा लावते, कधी साडेतीन टक्क्यांपर्यंत, त्यावर जीएसटी. कमी मार्कअपचं कार्ड असेल तर तेच जोडा. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, घेणार असाल तर त्यावर युआन आहे का ते विचारा. डॉलरचं असेल तर युआन होताना पुन्हा कापलं जातं. हजार-दीड हजार युआन रोख ठेवा.

यूट्यूबवर दहा दिवस व्हिसाविना चीन, असे व्हिडिओ फिरतात. त्या देशांच्या यादीत भारत नाही. व्हिसा लागणारच, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा, तेव्हा कागद सप्टेंबरअखेर द्या.

राहिला प्रश्न आरडीच्या आधी तिकीट कसं काढायचं. तुमच्या क्रेडिट कार्डाचं बिल 18 तारखेला बनतं, असं स्टेटमेंटवर दिसतंय. 19 किंवा 20 जुलैला तिकीट काढा. ते 18 ऑगस्टच्या बिलात येईल आणि भरायची मुदत 7 सप्टेंबर असेल. आरडी 4 तारखेला खात्यात जमा होते. मध्ये शनिवार-रविवार येतो का, तेवढं कॅलेंडरात बघून घ्या.