गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यात ऊर्जाबचतीची सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, गोळ्या आणि कॅप्सूल बनवणाऱ्या आपल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात व्यवस्थापन छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या विचारात असताना उत्सर्जन कमी करण्याची सुरुवात खरे तर कुठून करावी, आणि औषधनिर्मितीचे नियम त्याच्या आड येतात का. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत युटिलिटी विभागात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की पॅनेल अवश्य बसवावेत, पण आधी हवेकडे पाहावे.

अशा कारखान्यात टॅब्लेट प्रेस किंवा ब्लिस्टर मशीन फारशी वीज खात नाही. वापराचा मोठा वाटा, बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक, चिलर (थंड पाणी बनवणारे यंत्र) आणि एएचयूचे, म्हणजे हवा गाळून-थंड करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रांचे, पंखे यांच्याकडे जातो. खोलीतील हवा ताशी वीस वेळा बदललीच पाहिजे, असा एक ठोकताळा आपल्याकडे रूढ आहे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत हा आकडा आहे. मात्र तो निर्जंतुक औषधांच्या पूरक खोल्यांसाठी आहे आणि तिथेही ‘साधारणतः पुरेसा’ अशाच भाषेत आहे. निर्जंतुक औषधांसाठीच्याच युरोपच्या २०२२ च्या सुधारित अ‍ॅनेक्स १ या मार्गदर्शिकेत ताशी फेऱ्यांचा आकडा दिलेला नाही. काम संपल्यावर खोली साधारण वीस मिनिटांच्या आत पूर्ववत स्वच्छ व्हावी, एवढी अपेक्षा आहे. आपल्याकडे मात्र सल्लागार वीसवर थोडे वाढवतो, कंत्राटदार त्यावर आणखी थोडे, आणि तो आकडा पुढे कोणी तपासत नाही.

पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हवेचा प्रवाह २० टक्क्यांनी कमी केला, तर कागदावर पंख्याची वीज जवळजवळ निम्म्यावर येते. व्हीएफडीतील (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणातील) हानी आणि डक्टमध्ये राखावा लागणारा दाब यांमुळे प्रत्यक्षातील बचत त्याहून कमी असते, तरीही ती भरघोस असते. मात्र कोटिंग किंवा फ्लुइड बेड ड्रायरच्या खोलीत प्रवाह धुळीवर नव्हे, तर यंत्राच्या उष्णतेवर ठरतो, म्हणून अशा खोलीपासून सुरुवात करू नये. डिस्पेन्सिंगजवळची (कच्चा माल मोजून देण्याच्या जागेजवळची) एखादी साधी स्टेजिंग रूम, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची खोली, घ्यावी. रिकाम्या खोलीत एरोसोल (सूक्ष्म कणांचा फवारा) सोडावा, पार्टिकल काउंटरवर ०.५ मायक्रॉनच्या कणांची संख्या शंभराव्या हिश्श्यावर यायला किती मिनिटे लागतात ते नोंदवावे, आणि प्रवाह टप्प्याटप्प्याने उतरवत तीच चाचणी पुन्हा करावी. त्या वेळी दारालगतच्या मॅग्नेहेलिक गेजवरून (दाबातील फरक दाखवणाऱ्या मापकावरून) नजर हटवू नये; सप्लाय कमी करताना रिटर्न डॅम्पर (परतीच्या हवेच्या झडपा) त्याच प्रमाणात जुळवले नाहीत, तर कॉरिडॉर आणि खोली यांच्यातील दाबाचा क्रम बिघडतो आणि पावडर जाऊ नये तिथे जाते. बॅच नसताना रात्रभर पूर्ण वेगाने चालणारे एएचयू याच पद्धतीने मंद करता येतात. ते सरसकट बंद मात्र करू नयेत, कारण दाब आणि आर्द्रता दोन्ही हाताबाहेर जातात.

आर्द्रतेचा विषय कोकण-गोव्यात विशेष महाग पडतो. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) २४ अंशांच्या आसपास असतो, तर २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीचा दवबिंदू १२ अंश. म्हणजे बाहेरून घेतलेली हवा आधी खूप थंड करून तिच्यातील पाणी काढायचे आणि नंतर तीच हवा हीटरने पुन्हा तापवायची. एकाच एएचयूत दोन्हीकडून ऊर्जा जळते. तापवण्यासाठी विजेऐवजी चिलरच्या कंडेन्सरची वाया जाणारी उष्णता वापरता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका एफरव्हेसंट (पाण्यात फसफसणाऱ्या) उत्पादनासाठी अख्खा मजला कोरडा ठेवला जातो का, हे तपासावे. मी पाहिलेली सर्वांत मोठी उधळपट्टी हीच होती. हवी तेवढीच खोली वेगळी करून तिथे डेसिकंट डिह्युमिडिफायर (ओलावा शोषून हवा कोरडी करणारे यंत्र) लावला, की बाकीचा मजला मोकळा होतो.

बाकीची कामे नेहमीची आहेत. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी) बॉयलरकडे परत आणावे, कारण बॉयलरच्या फीड वॉटरचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्का वाचते. हवेच्या कॉम्प्रेसरचा दाब एक बारने उतरवला की त्याची वीज सहा-सात टक्क्यांनी घटते. आपला कारखाना बल्क ड्रगचा (औषधाचा मूळ घटक बनवणारा) असता, तर मी सॉल्व्हंटपासून (द्रावकापासून) सुरुवात करायला सांगितले असते. फायझरने सर्ट्रालिन या नैराश्यावरील औषधाच्या प्रक्रियेत चार सॉल्व्हंटऐवजी एकटे इथेनॉल आणले आणि त्यासाठी २००२ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळवला. तिथली बचत अशी रिअ‍ॅक्टरमध्येच होते.

नियमांविषयी बोलायचे, तर ते आड येत नाहीत. आड येते ती पुराव्याशिवाय केलेली घाई. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये, म्हणजे औषधनिर्मितीच्या भारतीय नियमांत, गुणवत्ता-जोखीम व्यवस्थापन अपेक्षितच आहे. चेंज कंट्रोल (बदलाची नोंद आणि मंजुरी), जोखमीचे मूल्यांकन, री-क्वालिफिकेशन (खोलीची पुन्हा पात्रता-चाचणी) आणि त्यानंतरच्या देखरेखीच्या नोंदी हाताशी असल्या, की तपासणीत उत्तर देता येते. क्यूए (गुणवत्ता हमी) विभाग कचरतो त्यालाही कारण आहे: बचत इंजिनिअरिंगच्या नावावर जमा होते आणि ऑडिटरचा प्रश्न त्यांच्या टेबलावर येतो. म्हणून चाचणीचा प्रोटोकॉल लिहितानाच त्यांना सोबत घ्यावे.

सौर पॅनेलचा निर्णय यानंतर करावा. ग्रिडच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, त्यामुळे पॅनेलचा लाभ खरा आहे. पण दिवसरात्र चालणाऱ्या चिलरला छतावरची वीज क्वचितच पुरते. एएचयू, चिलर आणि कॉम्प्रेसर यांना स्वतंत्र मीटर लावून निदान एका पावसाळ्याचे आणि एका हिवाळ्याचे आकडे गोळा करावेत, आणि पॅनेलची क्षमता प्रवाह उतरवल्यानंतरच्या मागणीवर ठरवावी.