औषधी गांजा : थेंब नव्हे, मिलिग्रॅम मोजा

प्रश्न : आईचे वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘सीबीडी ३०० मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे (सीबीडी म्हणजे गांजातला नशा न आणणारा घटक). रोज रात्री तीन थेंब जिभेखाली घेते. महिना झाला, फरक नाही. थेंब वाढवावेत का?

बाटलीवरचा ३०० हा आकडा अख्ख्या बाटलीचा असतो. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, तेव्हा एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम आणि तीन थेंबांत दीड. एवढ्याने काही होणार नव्हतेच. थेंब लहानमोठे पडतात, म्हणून सुई नसलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने मोजावे.

पण मात्रा वाढवली की गुण येईल, असेही नाही. हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्या रुग्णांना रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिले गेले. २०२१ साली निष्कर्ष आले : औषधाचा अंश नसलेल्या गोळीपेक्षा वेदना अधिक कमी झाल्या नाहीत. तुमच्या बाटलीतून ही मात्रा घ्यायची तर रोज २ ते ३ मिलिलिटर तेल लागेल आणि बाटली दहा-पंधरा दिवसांत संपेल. गुडघ्यांसाठी हा खर्च करू नये, असे आमचे मत आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर ताबा याने जास्त हाती लागते.

लेबल खरे असते का, हाही प्रश्न आहेच. ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत जेमतेम ३१ टक्के लेबले बरोबर निघाली, आणि १८ उत्पादनांत नशा आणणारे टीएचसी सापडले. बॅच क्रमांकासह प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर ती बाटली घेऊ नये. हेम्पच्या (गांजाच्याच नशा न आणणाऱ्या वाणाच्या) बियांचे तेल म्हणजे तर निव्वळ खाद्यतेल, त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच.

प्रश्न : मज्जातंतूंच्या जुन्या वेदनेसाठी डॉक्टर टीएचसी असलेले तेल सुचवत आहेत. सुरुवात कशी होते?

बहुतेक वेळा सीबीडीने : ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग दर दोन-तीन दिवसांनी १० मिलिग्रॅम वाढवत रोजच्या ४० पर्यंत. तेवढ्याने भागले नाही तर रात्री २.५ मिलिग्रॅम टीएचसी जोडतात. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या रुग्णाला १ मिलिग्रॅमच. वाढ दोन ते सात दिवसांच्या अंतराने. ४० मिलिग्रॅम टीएचसी ही दिवसाची वरची मर्यादा. तिथवर जाण्याची वेळ सहसा येऊ नये.

गडबड होते ती घाईने. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात. तासाभराने ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरी मात्रा घेतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात : छातीत धडधड, घबराट, उठताना रक्तदाब घसरून तोल जाणे. वयस्कर रुग्णाचे हाड इथेच मोडते. शिवाय यकृतात टीएचसीचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते, तेही तितकेच जोरकस आणि परिणाम सहा-आठ तास रेंगाळतो. पहिल्या आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यावर वाहन चालवू नये. घरात कुणाला सिझोफ्रेनिया असेल, हृदयविकार अस्थिर असेल किंवा गर्भारपण असेल, तर टीएचसीचा विचारच नको.

अपेक्षा माफक ठेवा. जुन्या वेदनेवरच्या अनेक चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा २४ जणांना औषध दिल्यावर त्यांतल्या एका जादा रुग्णाची वेदना ३० टक्क्यांनी उतरली; उलट दर सहा जणांमागे एका जादा रुग्णाला दुष्परिणाम झाले. म्हणून पहिल्या दिवसापासून वेदना ० ते १० आकड्यांत वहीत लिहा आणि थांबण्याची तारीख आधीच ठरवा. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी गांजाच्या अर्काचा जो तोंडात मारायचा फवारा मिळतो, त्यालाही चार आठवडेच देतात. तेवढ्यात २० टक्के सुधारणा दिसली नाही तर तो बंद.

प्रश्न : मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू यांत उपयोग होतो का?

पहिल्या दोहोंत नाही. काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरतो खरा, पण तीन-चार तासच. दिवसरात्र दाब खाली ठेवायचा तर माणूस अष्टौप्रहर नशेत राहील. डोळ्यांत घालायचे थेंब सोडू नका.

प्रश्न : वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) चालू असताना सीबीडी घेता येईल?

डॉक्टरांना न सांगता अजिबात नाही. वॉरफरिन पचवणारी यकृतातली यंत्रणा सीबीडीमुळे मंदावते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुरू करताना, मात्रा बदलताना आणि बंद करतानाही आयएनआर तपासा. फिट्सच्या रुग्णांनी दोन औषधांबाबत सांभाळावे : क्लोबाझामसोबत झोप फार येते, व्हॅलप्रोएटसोबत यकृताची एन्झाइम्स वाढतात.

प्रश्न : दोन वर्षे रोज गांजा ओढतो, दुखणे कमी राहते. हल्ली पहाटे जोरदार उलट्या होतात. गरम पाण्याने अंघोळ केली की बरे वाटते. पित्त असेल का?

गरम पाण्याने थांबणारी उलटी ही कॅनाबिनॉइड हायपरएमेसिसची, म्हणजे गांजामुळे वारंवार उलट्या होण्याच्या आजाराची, ठळक खूण आहे. वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांना ती जडते. मळमळीवरचे औषध म्हणून गांजा वाढवलात तर त्रास आणखी चिघळेल. नेहमीची उलटीची इंजेक्शने बऱ्याचदा लागू पडत नाहीत. पोटावर कॅप्सेसिनचे (मिरचीतल्या तिखट घटकाचे) मलम काहींना आराम देते. लघवी कमी झाली किंवा पाणीही टिकेना, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण पाणी आटून मूत्रपिंडांना इजा होते. डॉक्टरांपासून गांजाची गोष्ट लपवू नका, नाहीतर एंडोस्कोपी आणि स्कॅनच्या फेऱ्या होत राहतील. उपाय एकच, पूर्ण बंद करणे. पहिला आठवडाभर चिडचिड आणि निद्रानाश होईल. उलट्या पूर्ण थांबायला काही आठवडे लागू शकतात. पुन्हा सुरू केल्यास त्या बहुधा परततात.