मेंदूची तपासणी केली तर दारूची तलफ किती उरलीय ते कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादांनी दारू सोडून चार महिने झाले, ते म्हणतात "आता इच्छाच होत नाही", आणि बेळगावातला एक सेंटरवाला म्हणतोय की मेंदूची तपासणी करून तलफ किती शिल्लक आहे ते रिपोर्टवर लिहून देतो. पैसे भरावेत का?

भरू नका. मी मूळचा निपाणीचा. बेंगळूरला अशाच संशोधनात ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) घ्यायचं काम केलं, आता इकडे व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

तलफेचा माग मेंदूत लागतो, हे खोटं नाही. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालायची, एकेका इलेक्ट्रोडखाली सिरिंजने जेल सोडायचं, आणि समोर स्क्रीनवर फोटो दाखवायचे. खुर्ची, फूल, मध्येच तंबाखूची पुडी. पुडी दिसल्यावर सेकंदाच्या आत एक लाट उठते, ती मोजायची. पण ही लाट जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. नुसती पापणी लवली तरी तिच्या कितीतरी पट मोठा झटका रेकॉर्डिंगमध्ये येतो. वरातीच्या बँडमध्ये पैंजण ऐकायचा प्रकार म्हणा. म्हणून तसेच फोटो पुन्हापुन्हा दाखवून सरासरी काढावी लागते.

चिकोडीकडचे एक काका आठवतात. "दहापैकी तलफ किती?" विचारलं की "शून्य बघा." आणि पुडीचा फोटो आला की उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायला लागायचा, तंबाखू मळल्यासारखा. हात हलला की रेकॉर्डिंग बिघडतं. "काका, हात मांडीवर ठेवा" म्हटलं तर "ठेवलेत की!" म्हणायचे. खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच पत्ता नव्हता.

तुमच्या दादांचं "इच्छाच होत नाही" मी याच अर्थाने घेतो. 2016 साली कोकेनचं व्यसन असलेल्या लोकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोडून दोन दिवस झालेल्यांपासून वर्ष झालेल्यांपर्यंत वेगवेगळे गट घेतले होते. तोंडी विचारलेली तलफ जितके दिवस जास्त तितकी कमी. पण कोकेनचे फोटो बघताना ईईजीत उठणारी लाट एक महिना आणि सहा महिने झालेल्यांमध्ये उलट मोठी होती, वर्षभराच्या गटात ती पुन्हा खाली आलेली. अभ्यास कोकेनचा आहे, दारूचा नाही, हे खरं. मात्र व्यसनाची वस्तू बंद झाल्यावर काही काळ तलफ आतल्या आत वाढत जाते हे उंदरांमध्ये कोकेन, निकोटीन, दारू या सगळ्यांबाबत दिसलंय. चौथा महिना म्हणजे सुटलो असं समजायचा महिना नव्हे.

असं का होतं? डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं, ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की सुरुवातीला रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी चेततात. पण थेंबाच्या आधी खूण मिळते हे माकड शिकलं की त्या खुणेलाच चेततात, थेंबाला नाही. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या संशोधकांनी 1993 मध्ये पुढची गोष्ट मांडली: हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, आणि व्यसनात पहिलं फुगत जातं. "आता पिण्यात काही मजा नाही" असं रडत सांगणारा माणूस त्याच संध्याकाळी पिऊन येतो, आणि घरचे त्याला नाटकी म्हणतात. नाटक नसतं ते.

आता सेंटरवाल्याच्या रिपोर्टचं. 2022 च्या शेवटी फंक्शनल एमआरआयवरून (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन) तलफेची खूण शोधणारा एक अभ्यास आला, 99 जणांच्या स्कॅनवर. व्यसनाच्या वस्तूंचे फोटो बघतानाच्या मेंदूवरून व्यसनी कोण आणि नाही कोण हे 82 टक्के अचूक ओळखता आलं. संशोधनात हे मोठंच यश आहे. पण म्हणजे शंभरात अठरा चुकले, आणि तेही फक्त "व्यसन आहे की नाही" एवढ्यावर. तुमच्या दादांची तलफ किती टक्के उरली, याचं उत्तर त्यातून निघत नाही. दवाखान्यातला साधा एमआरआय तर मेंदूची रचना दाखवतो, तलफ नाही. साधा ईईजी फिट्ससाठी वगैरे असतो. रंगीत नकाशा छापून हातात दिला की घरच्यांना बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

तो पैसा गाडीभाड्याला ठेवा आणि धारवाडला डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी तलफ कमी करणारी औषधं आहेत. लिव्हर, किडनी बघून कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे.

घरी काय करायचं? खुणा शोधा. दादा कुठे, कुणाबरोबर, किती वाजता प्यायचे ते त्यांच्याबरोबरच बसून लिहून काढा. गोव्याहून बाटल्या आणणारा मित्र, पगाराचा दिवस, गणपतीची रात्रभर चालणारी मिरवणूक. आपल्याकडे सगळ्यात अवघड असते ती गावची यात्रा: मटणाचं जेवण आणि पाहुण्यांचा "एवढ्याने काय होतंय" हा आग्रह. यंदा यात्रेला जायचंच असेल तर दुपारी जेवून उजेड आहे तोवर परत फिरा, रात्रीच्या बैठकीला थांबूच नका.

आणि एक, न विचारता सांगतो. चहात गुपचूप घालायची गोळी किंवा पावडर कुणी देऊ केली तर घेऊ नका. ती बहुतेक डायसल्फिराम असते. त्यावर दारू पोटात गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं, जिवावरही बेतू शकतं. हे औषध दादांना माहीत असताना, त्यांच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.