बेळगावच्या फलपुष्प प्रदर्शनात गुलाब-शेवंतीपलीकडे कोणती दुर्मीळ झाडं बघावीत आणि कोणती घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की निपाणीहून पहिल्यांदाच बेळगावचं प्रदर्शन बघायला येणार आहात, गुलाब-शेवंती घरात आहेतच, तर 'कुठं न दिसणारं' असं काय बघावं, त्यातलं काय विकत घ्यावं, किडे खाणारं झाड खरंच मिळतं का, आणि आईसाठी ब्रह्मकमळ कुठं मिळेल. मी बेळगावातल्याच शहापुरात राहते. गच्चीवर शंभराच्या वर कुंड्या आहेत आणि इथल्या ह्यूम पार्कात भरणारं हे प्रदर्शन मी सहसा चुकवत नाही. तिथं पैसेही पुष्कळ घालवलेत. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

आत शिरल्यावर सगळी गर्दी फुलांनी मढवलेल्या पुतळ्यांपाशी आणि कलिंगडावर कोरलेल्या चेहऱ्यांपाशी असते. मुलं बरोबर असतील तर तिथं फोटो काढून घ्या आणि पुढं सरका. तुमच्या कामाचं सगळं कडेच्या नर्सरीवाल्यांकडं आणि सरकारी रोपवाटिकेच्या टेबलावर असतं. त्या टेबलाकडं कुणी फिरकत नाही, कारण तिथं काळ्या पिशवीतली हिरवी रोपं ओळीनं मांडलेली असतात आणि एकालाही फूल नसतं.

किडे खाणारं झाड मिळतं, होय. घटपर्णी. टांगलेल्या कुंडीतून लाल-हिरवे घट लोंबताना दिसतील. लोक त्याला फूल समजतात, पण तो घट म्हणजे पानाचंच टोक. पान संपतं, तिथून एक तंतू निघतो आणि तंतूच्या टोकाला घट फुगतो, वर झाकणासकट. स्टॉलवाल्याला विचारून एखादं झाकण बोटानं उचलून आत बघा. मी बघितलं तेव्हा तळाशी चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि त्यात मुंग्यांची नुसती टरफलं तरंगत होती, आतलं सगळं विरघळून गेलेलं. घटाचा काठ ओला झाला की इतका गुळगुळीत होतो की मुंगीचा पायच ठरत नाही. हे झाड मूळचं अशा जागचं, जिथं मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ते किड्यांतून भागवतं. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याला खत घालायचं नाही. मी पहिल्या वर्षी प्रेमानं शेणखत घातलं आणि झाड दीड महिन्यात गेलं. दुसरं आणलं, त्याला पावसाचं पाणी साठवून घातलं, तर जून ते ऑक्टोबर आपल्या हवेत घटच घट आले. मार्चमध्ये हवा कोरडी पडली की नवीन घट येणं बंद होतं. झाड तेव्हा मेलेलं नसतं, फेकून देऊ नका.

बाजारात मिळतात ती बहुतेक संकरित रोपं असतात. भारतात आपणहून उगवणारी घटपर्णीची एकच जात आहे, तीही मेघालयात, आणि वन्यजीव कायद्यानं ज्या मोजक्याच वनस्पतींना संरक्षण दिलंय त्यांत तिचा नंबर आहे. कुणी 'ओरिजिनल मेघालयची' म्हणून विकायला लागला तर तो एकतर थापा मारतोय किंवा गुन्हा करतोय.

किडे खाणाऱ्या झाडासाठी निपाणीहून ह्यूम पार्कात यायची तशी गरजही नाही म्हणा. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात जांबोटीवरून कणकुंबीकडं जाताना जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ लागतात. सप्टेंबरात तिथं गाडी थांबवून गुडघ्यावर बसलात तर 'दवबिंदू' नावाचं किडे खाणारं रोप दिसेल. रुपयाच्या नाण्याएवढं लालसर चक्र जमिनीला चिकटलेलं, पानापानावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळचे अकरा वाजले, गवतावरचं दव उडून गेलं, तरी याचे थेंब तसेच चमकत असतात. चिलट बसलं की केस आत वळायला लागतात. शेजारीच ओल्या मातीत 'सीतेची आसवं' नावाची फुलं असतात, निळी-जांभळी, नखाएवढी. तीही मांसाहारीच, फक्त त्यांचे सापळे मातीत आणि पाण्यात, टाचणीच्या डोक्याहून बारीक. आमच्याकडची माणसं त्यावर चप्पल घालून उभी राहतात आणि धुक्याचे फोटो काढतात.

आता फसवणुकीचं सांगते, कारण 'दुर्मीळ' या पाटीखाली सगळ्यात जास्त खपतं ते हेच.

काही वर्षांपूर्वी एका स्टॉलवर निळं ऑर्किड दिसलं. शाईसारखा निळा रंग. तोपर्यंत तसं फूल कधी बघितलं नव्हतं. 'यष्ट री?' म्हणून कानडीत किंमत विचारली तर 'ऐनूरु' म्हणाला. पाचशे! घासाघीस करून साडेचारशेला घेतलं आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणलं. फुलं दोन महिने टिकली. पुढच्या वर्षी परत दांडा आला, कळ्या आल्या, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं उभी. उमललं ते पांढरंशुभ्र. त्या जातीच्या ऑर्किडला तो शाईचा निळा रंग निसर्गात नसतोच, पांढऱ्या फुलाच्या दांड्यातून रंग चढवतात. नीट बघितलं तर दांड्यावर सुईचं भोक किंवा निळा डाग सापडतो. ते पांढरं ऑर्किड अजून आहे माझ्याकडं, दर वर्षी फुलतं, आणि यजमान दर वर्षी न चुकता विचारतात, 'निळं कधी होणार?'

गुलाबी पानांचं झाडही असंच. 'पिंक काँगो' नावानं विकतात. गुलाबीपणा रसायनानं आणलेला असतो, सहा महिने ते वर्षभरात नवी पानं हिरवी यायला लागतात. त्याच्यासारखंच दिसणारं 'पिंक प्रिन्सेस' मात्र खरं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्यात गुलाबी ठिपके-पट्टे वेडेवाकडे, एक पान दुसऱ्यासारखं नाही. खोट्यात सगळं पान एकसारखं गुलाबी, रंगाऱ्यानं हात मारल्यासारखं.

निवडुंगाच्या डोक्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला असतो, तो खोटा नाही, पण तो एका झाडावर दुसऱ्याचं कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्यानं तो स्वतःचं अन्न करू शकत नाही, खालच्या हिरव्या खांबाच्या जिवावर जगतो. तो खांब ड्रॅगनफ्रूटच्या कुळातला. जोडी काही वर्षं चालते, मग कुणीतरी एक कंटाळतं. आणि निवडुंगावर जर कोरडं कागदासारखं फूल दिसलं तर हळूच हलवून बघा. डिंकानं चिकटवलेलं असतं.

दगडासारखं दिसणारं लिथॉप्स घ्यायचा मोह होईल. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळावरचं झाड ते. बघा, हातात घ्या, परत ठेवा. बेळगावच्या जुलैत माझे दोन दगड कुजले, वास सुद्धा आला.

आता मला खरंतर ज्याबद्दल लिहायचं होतं ते. टांगलेल्या कुंड्यांत 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' नावाचा एक वेल असतो. बदामाच्या आकाराची चिमुकली पानं, त्यावर चंदेरी नक्षी, तीन-चार फूट लोंबतो. लोक पानं बघून घेतात. तुम्ही मात्र त्याचं फूल शोधा. बोटाच्या पेराएवढं असतं, फिकट जांभळट, तळाशी फुगीर, मधे नळी, आणि वर पाच गडद काड्या टोकाशी जुळलेल्या. दिवाळीचा कंदीलच. वेल आफ्रिकेतला आहे, पण त्याची सख्खी चुलत भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत. आपल्याकडं त्यांना कंदीलपुष्प म्हणतात, काही ठिकाणी खरपुडी. त्यातल्या कित्येक जाती जगात दुसरीकडं कुठंही नाहीत, आणि काही तर मोजक्याच डोंगरांवर उरल्यात.

त्या कंदिलाची करामत बघण्यासारखी आहे. वासानं बारीक माशी येते, नळीत घसरते. नळीत आतल्या बाजूला केस असतात, त्यांची टोकं खाली, म्हणजे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी तळाच्या फुग्यात अडकते, तिथं धडपडताना परागाची पुडी तिच्या तोंडाला चिकटते. मग फुलाचं काम झालं की ते केस सुकतात, माशी सुटते, आणि पुढच्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. घटपर्णी माशीला खाते, हा बिचारा नुसता एक मुक्काम करायला लावतो.

मग ही आपली झाडं प्रदर्शनात का दिसत नाहीत? माझ्या मते कारण साधं आहे. प्रदर्शन भरतं बहुतेकदा हिवाळ्यात. आपली बहुतेक नवलाची झाडं पावसाळी. जूनमध्ये वर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलून-फळून घेतात आणि नंतर कंद होऊन जमिनीत झोपतात. शेवळं, सापकांदा, रानहळद, कळलावी, कंदीलपुष्प, सगळ्यांची हीच तऱ्हा. डिसेंबरात त्यांची कुंडी मांडली तर नुसती माती दिसेल, आणि मातीला बक्षीस कोण देणार? शिवाय कंदीलपुष्पाचे कंद खायला गोड लागतात. गुराखी पोरं खातात, रानडुकरं खातात. तेही कमी होण्याचं एक कारण.

त्यातली बघायचीच असतील तर बेळगावहून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्राच्या लोकांनी कंदीलपुष्पांवर बरंच काम केलंय, त्यांच्या बागेत दुर्मीळ जाती वाढवल्या आहेत. तुम्हाला तर निपाणीहून ते बेळगावपेक्षाही जवळ. पावसाळ्यात जा.

प्रदर्शनात न दिसणाऱ्या आपल्या झाडांत एक अपवाद आहे, शिंदळ माकुडी. ही फक्त महाराष्ट्रातली, शिवनेरी-पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर उगवणारी. जाड मांसल दांडे, तपकिरी-लाल चांदणीसारखी फुलं, त्यावर पिवळसर ठिपके. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. कड्यावर ती दुर्मीळ असली तरी कुंडीत फांदीवरून सहज लागते, म्हणून निवडुंगवेड्यांकडं असते आणि कधीतरी स्टॉलवर येते. विचारून बघा. फांदी कुंडीतल्या झाडाची आहे की कड्यावरून ओरबाडलेली, हेही विचारा. कुंडीतली कोवळी, गुळगुळीत, एकसारखी असते. कड्यावरची खरबरीत, उन्हानं भाजलेली, मुळाशी दगडाची चकती.

हीच गोष्ट ऑर्किडची. मेळ्याच्या बाहेर, रस्त्याकडेला कुणी पोत्यात सीतेची वेणी घेऊन बसलेलं असतं. जाड पट्ट्यासारखी पानं, मुळाला सालीचे तुकडे चिकटलेले. साल दिसली की समजायचं, खानापूरकडच्या कुठल्यातरी झाडावरून खेचून आणलीय. शंभर-दीडशेत देतात. फूल सुंदरच आहे, आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं राज्यफूल ते. पण अशी खेचलेली वेणी शहरात क्वचितच जगते. मी एकदा विकणाऱ्या आजीशी वाद घातला. ती म्हणाली, 'बाई, झाड तोडलेलंच होतं, आडवं पडलं होतं, म्हणून आणलं.' खरंही असेल. मला पुढं बोलता आलं नाही, घेतलीही नाही.

आता सरकारी टेबल. तिथं सीतेचा अशोक विचारा. बंगल्यांच्या कंपाउंडला उंच सरळ वाढतो तो अशोक वेगळा. हा पसरट, जून फांद्यांना आणि खोडालाही शेंदरी गुच्छ येतात. औषधासाठी साल काढून काढून रानातला हा फार कमी झालाय. काही वेळा नरक्याचं रोपही असतं. त्यातून कर्करोगाच्या औषधाचं द्रव्य मिळतं म्हटल्यावर सह्याद्रीत लोकांनी त्याच्या मोळ्याच्या मोळ्या तोडून नेल्या. फुलांना घाण वास येतो, त्यामुळं गच्चीत नको, शेताच्या बांधाला लावा. कृष्णवडही बघा, पानाच्या बुडाला द्रोणासारखी खोलगट घडी असते. कृष्णानं त्यात लोणी लपवलं असं म्हणतात. पोरांना दाखवायला फार छान. ही रोपं बाहेरच्या फॅन्सी झाडांपेक्षा कितीतरी स्वस्त असतात. टेबलामागं अरभावीच्या फलोत्पादन महाविद्यालयाची मुलं भेटली तर त्यांना प्रश्न विचारा, ती खरं सांगतात, कारण त्यांना काही खपवायचं नसतं.

सकाळी उघडल्या उघडल्या या. संध्याकाळी नुसती डोकी दिसतात, आणि रोपांना लोकांचे इतके हात लागलेले असतात की घ्यावंसं वाटत नाही. सुटे पैसे आणि उभं राहील असं पुठ्ठ्याचं खोकं आणा, पिशवीत घटपर्णीचे घट मोडतात.

राहिलं आईचं ब्रह्मकमळ. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, रात्री उमलून सकाळी मिटणारं, तो मेक्सिकोकडचा एक निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते वेगळंच झाड, आणि बेळगावात ते जगणारच नाही, तेव्हा त्या नावानं महाग काही घेऊ नका. आपल्याकडचं तर विकतसुद्धा घ्यायचं नसतं. निपाणीत कुठल्याही गल्लीत दहा घरांत एकाकडं असतंच. एक जून झालेलं पान मागून घ्या, चार दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीत दोन बोटं खोल उभं खोचा. पाणी अगदी बेताचं. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज विचारतील.