‘डार्कन’ माहितीपट बघण्यासारखा आहे का? मोठी माणसं खोट्या तलवारींनी का लढतात?

हो, जरूर बघा. नोकरी-संसार असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी चिलखत चढवून मैदानात उतरतात, यात बघण्यासारखं काय, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्याचा. दिवसा वागळे इस्टेटला नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकाच्या तालमी. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

‘डार्कन’ २००६ चा, ल्यूक मायर आणि अँड्र्यू नील यांनी केलेला. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ अशा लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्या एका क्लबवर आहे. त्यांचे कल्पित देश आहेत, षटकोनी खणांचा नकाशा आहे. लढाई जिंकली की नकाशावरची जमीन त्या देशाच्या नावावर होते. लढाया देखण्या टिपल्यात, पण त्याआधीची खलबतं जास्त लक्ष देऊन बघा. कोणाशी हातमिळवणी करायची, डोईजड झालेल्या राज्याला कसं रोखायचं, यावर माणसं जीव तोडून बोलतात. एरवी घरी मूल सांभाळणारा बाप तिथे सैन्यापुढे भाषण करतो आणि सगळे ऐकतात.

माझं आजोळ कुडाळचं. दशावतारी नटांबद्दल तिकडे म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. पण दशावताराला समोर प्रेक्षक असतो. इथे तो नाहीच, जो तो खेळातला. समोरच्याने राजा मानलं तरच तुम्ही राजा. तलवार म्हणजे फोम गुंडाळलेला पाइप. पण अशा खेळांत वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच प्रामाणिकपणे कबूल करायचं असतं. पायावर बसला, तर तो गुडघे टेकून लढणार.

आमच्या नौपाड्यातल्या तालमीत हेच दिसतं. हातात नुसती लाकडी पट्टी असते. समोरचा नट ती बघून खरोखर दचकून मागे सरला, की तिला धार येते. तो नुसताच उभा राहिला, तर मी कितीही ओरडलो तरी पट्टी ती पट्टीच.

दिग्दर्शकांनी या लोकांची कुठे टर उडवलेली नाही, याचं मला फार कौतुक आहे.

आवडला तर कलन होबॅकचा २००७ चा ‘मॉन्स्टर कॅम्प’ही बघा. तो सिएटलच्या अशाच गटावर आहे आणि त्यात खेळापेक्षा खेळ चालवणाऱ्यांची दमछाक जास्त दिसते. हौशी संस्थेत हॉल बुक करणं, वर्गणी गोळा करणं ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांनी हा आधी बघितला तरी चालेल.